सौंदत्ती शनिवारी, सवदत्ती रविवारी

साडू पुण्याहून उतरले ते लॅमिनेट केलेला कागद घेऊनच. एका बाजूला शनिवार, दुसऱ्या बाजूला रविवार. निसर्ग हिरव्या शाईत, संस्कृती निळ्या, खाणं लाल. दोन दिवसांत बेळगावाभोवतीचा अख्खा सीमाभाग. 'किल्ला, ४० मिनिटं. कुंदा, २० मिनिटं.' असं करत करत कागद पार कणकुंबीच्या डोंगरात जाऊन पोचायचा.

"लॅमिनेट कशाला केलात, भावजी?" मी विचारलं. (बायको म्हणते म्हणून मीही भावजीच म्हणतो. साडूला हाक काय मारायची याची सोय आपल्या भाषेनं केलेली नाही.)

"ऐनवेळी कुणी फेरफार करू नये म्हणून," ते माझ्याकडंच बघत म्हणाले.

मी कागद वाचत गेलो आणि एका ओळीवर अडखळलो. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता सौंदत्ती, यल्लम्मा देवी. कागद उलटला. रविवारी सकाळी आठ वाजता सवदत्ती, रेणुका देवी.

"भावजी, हे गाव एकच की."

"एक कसं? नावं वेगळी, देव्या वेगळ्या."

"यल्लम्मा म्हणजेच रेणुका. आणि सौंदत्ती म्हणजेच सवदत्ती. आपण एक म्हणतो, कन्नडमध्ये दुसरं."

"तुमच्याकडं प्रत्येक गोष्टीला दोन नावं का असतात?"

आता याला काय सांगणार? हलशी-हलसी, चिकोडी-चिक्कोडी, निपाणी-निप्पाणी. २०१४ सालच्या १ नोव्हेंबरपासून बेळगावची सरकारी कागदावर बेळगावी झाली. या एका प्रश्नावर आमच्याकडं लोकांच्या पिढ्या खर्ची पडल्या, आणि साडूंना त्याचं उत्तर न्याहारीच्या आधी हवं होतं. "तुम्ही चहा घ्या," मी म्हणालो.

खरं सांगायचं तर माझ्या पोटात वेगळाच गोळा होता. मी बेळगावच्या वडगावात जन्मलो, वडगावातच टक्कल पडलं, पण कागदावरच्या निम्म्या जागा मी बघितलेल्याच नव्हत्या. गोकाकचा धबधबा सातवीच्या सहलीत बघितलेला, आणि त्यातलं एवढंच आठवतं की एकाची चप्पल झुलत्या पुलावरून खाली गेली आणि मास्तरांनी सगळ्या वर्गाला उभं केलं. आपल्या गावातली प्रेक्षणीय स्थळं ही पाहुणे येईपर्यंत राखून ठेवायची असतात, चांगल्या कपबश्यांसारखी.

किल्ला मात्र कागदाबरहुकूम झाला. तेराव्या शतकाच्या तोंडाशी, १२०४ साली बांधलेली कमल बस्ती (बस्ती म्हणजे जैन देऊळ), तिच्या छताला ते दगडी कमळ, जवळच सफा मशीद, रामकृष्ण मिशनचा आश्रम; सगळं चाळीस मिनिटांत. भावजींनी घड्याळ बघून मान डोलावली. मलाही वाटलं, जमतंय की! ते का जमलं हे दुपारी कळलं. किल्ल्यात आमचे नातेवाईक राहत नाहीत.

खानापूर तालुक्यात राहतात.

गाडीवाले मामा पहिल्यापासून सांगत होते, "नंदगडातनं जाऊ नका, साहेब. तिथं तुमची आत्ती हाय." पण हलशीचा रस्ता नंदगडावरनंच. इंग्रजांशी लढलेल्या सांगोळ्ळी रायण्णाला १८३१ साली जिथं फाशी दिलं ते हे गाव. कागदावर 'वडाचं झाड, निळी शाई, १५ मिनिटं' असं होतं. झाड बघायच्या आधी आत्ती दिसली. भर रस्त्यात, कमरेवर हात ठेवून. तिला कसं कळलं? खानापुरात कौलांच्या ढिगाऱ्यापाशी भावजींनी फोटो काढायला गाडी थांबवली होती, तिथं आत्तीच्या जावेच्या भावानं मला बघितलं होतं. आमच्या भागात मोबाइलला रेंज नसते, पण ही लाइन कधी बंद पडत नाही.

"काय रे, गाडी तशीच पुढं न्यालायस व्हय? आत्ती मेली काय?"

"तसं नव्हं आत्ती, पाहुणे आहेत, वेळ..."

"पाहुणे हाईत म्हणूनच म्हणतो मी. चा तर पिऊन जावा."

'चा' हा शब्द ऐकून बाहेरचा माणूस फसतो. आमच्याकडं चा म्हणजे आधी पाणी, मग गूळ, मग पोहे, मग 'पोह्यावर तेवढं काय व्हतंय' म्हणून शिरा, आणि हे सगळं संपल्यावर, निघताना दारात, चहा. नाही म्हणायची सोय नाही. 'आत्ताच घेतलाय' म्हटलं तर 'कुणाच्यात?' आणि कुणाच्यात ते सांगितलं तर 'तिथं गोड लागला, इथं कडू लागतोय व्हय?' भावजींनी पहिल्या घरात "मला शुगर आहे" असं सांगून बघितलं. आत्तीनं त्यांना साखरेऐवजी गुळाचा शिरा केला.

नंदगडात तीन घरं झाली. रायण्णाचं झाड गाडीच्या काचेतून बघितलं.

हलशीला पोचलो तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते आणि वाकून चपला काढणं कुणालाच जमत नव्हतं. पण हलशी बघाच. ही जुनी पलाशिका, कदंब राजांची दुसरी राजधानी. आता शांत, शेतांनी वेढलेलं गाव. भूवराह नरसिंहाच्या देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत. एकीकडं वराह, दुसरीकडं विष्णू. मधे आपण उभं राहिलं की पाठ कुणाकडं करावी हा प्रश्न पडतो. दोघे इतकी शतकं एकमेकांकडं बघत बसलेत, एक शब्द नाही. "साडू असणार," बायको मेव्हणीच्या कानात म्हणाली. देवळात आवाज घुमतो हे तिच्या लक्षात आलं नसावं.

कणकुंबीला पोचेतो सूर्य डोंगराआड निघाला होता. जांबोटीच्या पुढं हवा बदलते. रस्त्याकडेला पोरं पानाच्या द्रोणांत करवंदं घेऊन उभी, फणसाचा वास, कुठंतरी वळवाची ओली माती. भावजी पहिल्यांदाच कागद मांडीवर पालथा ठेवून बसले. कणकुंबीत मलप्रभेचा उगम आहे. एवढी मोठी नदी, पार कूडलसंगमापर्यंत जाऊन कृष्णेला मिळणारी, आणि इथं तिचं रूप बघावं तर कुणीही सहज ओंजळीत घेईल. पाच वाजताची सौंदत्ती अर्थातच हुकली होती. मी शक्कल लढवली.

"भावजी, हीच मलप्रभा पुढं सौंदत्तीजवळनं जाते. तिथं धरण आहे तिच्यावर. इथं पाय धुतले की सौंदत्ती झाली असं धरा."

त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पाय धुतले, विचार केला.

"आणि सवदत्ती?"

रविवारी सकाळी ती पण गेली, आणि ती गेली मांड्यांमुळं. लाल शाईत 'मांडे, १० मिनिटं (दुकान शोधणे)' असं लिहिलं होतं. पुण्यात मांडे मनात खातात. आमच्याकडं ते लग्नात खातात, आणि लग्नाच्या घरातनंच यायला लागतात. शेजारी लग्न होतं. ते कागदासारखे पातळ, पिठीसाखर आत घालून घडी केलेले मांडे परातीतून आले, आणि नवऱ्या मुलीच्या आजीनं भावजींना पाटावर बसवलं. मांडा खाताना बोलायचं नसतं, नाहीतर साखर उडते. भावजी बोलले. पुढचा पाऊण तास मेव्हणी त्यांचा शर्ट झटकत होती.

गोकाककडं निघताना मी निर्धास्त होतो. तिकडं सगळा कन्नड मुलूख, आमचं कुणी नाही. मी विसरलो की गाडीवाल्या मामांचंही कुणीतरी असू शकतं. अंकलगीच्या अलीकडं गाडी आपोआप एका वाड्यात वळली. "बहिणीचं सासर," मामा म्हणाले, "दोन मिनिटं."

"बर्री, बर्री, कूड्री," असं म्हणत दारातनंच ताटं पुढं आली. ज्वारीची पातळ भाकरी, एण्णेगायी म्हणजे कूट भरलेली छोटी वांगी, शेंगाचटणी, घट्ट दही, कच्चा कांदा. मी सांगतो, दोन दिवसांत आम्ही जे काय खाल्लं त्यात हे पहिल्या नंबरचं. भावजींनी तिसरी भाकरी घेतली आणि घरच्या बाईंना हिंदीत, हातवारे करत सांगितलं, "बहुत, बहुत अच्छा!"

"आवडलं न्हवं? मग अजून घ्या की," बाई म्हणाल्या. "मी निपाणीची हो. माझं माहेर मराठी."

झालं! बायकोनं ताट बाजूला सारलं. "निपाणीत कुणाच्या तुम्ही?"

हा प्रश्न आमच्याकडं एकदा सुटला की गाडी कुठल्या स्टेशनावर थांबेल सांगता येत नाही. तंबाखूच्या वखारीवरनं सुरुवात झाली, संकेश्वरच्या एका मामेसासऱ्यापर्यंत गेली, तिथनं हुक्केरीला एका मोडलेल्या सोयरिकीत अडकली, आणि पन्नास मिनिटांनी असं ठरलं की त्या बाई माझ्या बायकोच्या लांबच्या नात्यातल्या मावशी लागतात. म्हणजे पुन्हा चहा. नात्याचा. भावजी ओसरीवरच्या पोत्याला टेकून झोपले होते. कागदाचा पंखा करून मामा त्यांना वारा घालत होते.

गोकाकला घटप्रभा १७० फुटांवरून खाली उडी घेते. पावसाळ्यात लालसर तपकिरी पाणी असं कोसळतं की समोरच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. भावजींच्या मोबाइलमध्ये तसा फोटो होता. तो त्यांनी हात लांब करून समोर धरला आणि बघितलं. एकदा फोटो, एकदा समोर. समोर मे महिना होता. काळा कोरडा कातळ, त्यावर दोन बकऱ्या, आणि एका कोपऱ्यात नळ नीट बंद न केल्यासारखी एक धार. हिरव्या शाईतली ही सगळ्यात मोठी नोंद होती. तिला त्यांनी दोन तास दिले होते.

"मे महिन्यात पाणी नसतं हे तुम्हाला माहीत होतं?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

माहीत होतं. पण कागद लॅमिनेट होता.

जवळच टपरी टाकून बसलेल्या म्हाताऱ्यानं आमच्या तोंडाकडं बघून सगळं ओळखलं. रोज ओळखत असणार. "नीर इल्ल्री," तो समजुतीच्या सुरात म्हणाला, आणि फडकं बाजूला केलं. "करदंट ऐत्री."

पाणी नाही, करदंट आहे. डिंक, गूळ, काजू, बदाम, खारीक. चार पाकिटं घेतली. भावजींनी एक तुकडा तोंडात टाकला. करदंट दाताला असं चिकटतं की पुढची दहा मिनिटं माणूस तक्रार करू शकत नाही. मी या मिठाईचा जन्मभर ऋणी राहीन.

रात्री पुण्याच्या गाडीवर पोचवायला गेलो. कुंद्याचे डबे, करदंट, आत्तीनं दिलेलं तांदळाचं बोचकं, नव्या मावशीनं दिलेली शेंगाचटणी. येताना एक बॅग होती, जाताना सहा नग झाले. भावजी तसे खूश दिसत होते. "पुढच्या वेळी कागद नको," असंही म्हणाले, म्हणजे मला तसं ऐकू आलं. तेवढ्यात पलीकडच्या फलाटावर कंडक्टर गाडीच्या दारात लटकून ओरडायला लागला.

"सवदत्तीऽ सवदत्ती सवदत्ती सवदत्ती!"

भावजी जागच्या जागी थबकले. माझ्याकडं बघितलं. बोचकं खाली ठेवलं, बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यातून कागद काढला, आधी शनिवार बघितला, मग उलटून रविवार.

"म्हणजे दोन राहिली," ते म्हणाले.