जांभळा रंग टिकला म्हणजे पाणी शुद्ध?

‘सॉल्व्हंटने नासलेल्या विहिरीत चिमूटभर पोटॅशियम परमँगनेट टाका. सगळी क्लोरीनयुक्त सॉल्व्हंट्स नष्ट होतात, जांभळा रंग टिकला की पाणी शुद्ध, मागे काही उरत नाही.’ हा दावा सध्या फार फिरतोय. (सॉल्व्हंट म्हणजे तेल, ग्रीस विरघळवणारं औद्योगिक द्रावक.)

आधी ‘सगळी’ खोडू. परमँगनेट दोन कार्बन अणूंमधल्या दुहेरी बंधावर तुटून पडतं. ट्रायक्लोरोइथिलीन (टीसीई) आणि परक्लोरोइथिलीनमध्ये तो बंध असतो, म्हणून तिथे ते खरोखर चालतं. कार्बन टेट्राक्लोराइड आणि क्लोरोफॉर्म यांचं मात्र ते जवळजवळ काहीच वाकडं करत नाही.

‘चिमूटभर’चा हिशेब सोपा आहे. १ ग्रॅम टीसीईला साधारण २.४ ग्रॅम परमँगनेट लागतं, आणि तेही मातीतल्या सेंद्रिय पदार्थांनी आपला वाटा खाल्ल्यानंतर उरलेलं.

खरी गोची रंगाची. रंग टिकला याचा अर्थ परमँगनेट शिल्लक आहे, एवढाच. टीसीई पाण्याच्या जवळपास दीडपट जड. जांभळ्या पाण्यात त्याचा थेंब सोडला (घरी नको, त्याची वाफही घातक) तर तो मण्यासारखा तळाला जातो आणि हळूहळू त्यावर तपकिरी साय धरते. ही साय मँगनीज डायऑक्साइडची. ती या क्रियेतूनच तयार होते आणि आतल्या थेंबाचं परमँगनेटपासून रक्षण करते! वरचं पाणी जांभळंच. जमिनीखालीही असंच घडतं. शिवाय चिकणमातीत मुरलेलं सॉल्व्हंट वर्षानुवर्षं झिरपत राहतं. चाचणीचे आकडे उतरतात, सगळे खूश होतात, आणि काही महिन्यांनी आकडे परत चढतात. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात टीसीईची मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. त्या मापाने १ लिटर टीसीई सुमारे २९ कोटी लिटर पाणी नासवायला पुरतं. मग तळाशी दडलेला थेंब किरकोळ कसा म्हणायचा?

‘मागे काही उरत नाही’ हेही खोटं. तपकिरी गाळ मातीची छिद्रं बुजवतो, आणि जमिनीत क्रोमियम असेल तर त्याचं विषारी सहा-संयुजी रूप तयार होऊ शकतं.

पद्धत टाकाऊ नाही. दूषित भूजलावर ती रीतसर वापरतात, पण आधी मातीची भूक मोजून आणि नंतर दीर्घकाळ नमुने तपासून. त्यातही जांभळा नमुना तसाच ठेवला तर बाटलीतही क्रिया चालू राहते आणि आकडा खोटा कमी येतो. म्हणून नमुना घेताना ॲस्कॉर्बिक ॲसिड घालून आधी तो रंगच घालवतात.