टिळकवाडीतली खोली

बेळगावात आरपीडी कॉर्नरला संध्याकाळी आमचा कट्टा भरतो. परवा वाद पेटला तो टिळकवाडीतल्या चौघांच्या खोलीवरून. त्यातल्या एकीने बाकी तिघांना सांगितलंय, कागदावर पुरुष असले तरी मी मुलगी आहे, मुलगी म्हणूनच हाक मारा. कट्ट्याला कळलं तर चालेल, मालकिणीला नको, हेही तिनंच सांगितलं.

त्याच खोलीतला खानापूरवाला म्हणाला, "माझं भांडण नाही गा तिच्याशी. पण मुलगी हाय तर मुलींच्यात जाऊ दे की! आमच्या घरात काय सांगू मी?"

"मुलींच्यात म्हणजे कुठं?" लॉ करणारी ताई उसळली. "पीजीवाल्या काकू आधी आधार कार्ड मागतात. त्यावर पुरुष लिहिलंय."

"मग बदलून घ्यायचं."

"2014 ला सुप्रीम कोर्ट म्हणालं, ओळख माणसानं स्वतः सांगायची, ऑपरेशनची अट नको. 2019 च्या तृतीयपंथीयांच्या कायद्यात मात्र डीसींचा, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांचा दाखला आला, तोही आधी तृतीयपंथी म्हणून. 'स्त्री' लिहून हवं तर ऑपरेशन करून परत अर्ज. तोवर तिनं राहायचं कुठं, स्टँडवर? त्याच कायद्यात लिहिलंय, राहत्या जागेवरून हाकललं तर सहा महिने ते दोन वर्षं कैद."

कैद म्हटल्यावर खानापूरवाला जरा सरकून बसला. खोलीतलाच निपाणीकर मात्र हटला नाही. "कायदा खोलीत झोपायला येत नाही, ताई. कपडे बदलायचे असतात. आम्हालाबी लाज असती की."

मुद्दा खोटा नव्हता. पण ताईचं उत्तर जास्त खरं होतं. "इतके दिवस तीच कपडे घेऊन बाथरूममध्ये जाते, आणि तुम्ही टॉवेलवर फिरता. अडचण कुणाची व्हायला पाहिजे होती?"

इथं चहावाले मामा मध्ये पडले. सौंदत्तीला यल्लम्माच्या पुनवेला आपण जोगप्पांच्या, म्हणजे देवीला वाहिलेल्या तृतीयपंथीयांच्या पाया पडतो, परडीत जोगवा घालतो, मग एवढं काय, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्यातल्याच लोककलावंत मंजम्मा जोगतींना 2021 ला पद्मश्री मिळाली, त्या कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्षाही होत्या, हेही कुणीतरी जोडलं.

"पाया पडणारे खोली देतात का, मामा?" ताई म्हणाली. "आणि ही जोगप्पा नव्हे, बी.कॉम. करतेय. हिला देव्हाऱ्यात बसायचं नाही, भाडं भरून राहायचंय."

डिपॉझिट चौघांनी भरलंय, तेव्हा ज्याला अडचण त्यानं बाहेर पडावं, असं मी म्हटलं. खानापूरवाला कुरकुरला, पण पडदा लावायला तयार झाला. पडद्याचे पैसे चौघांत.

मालकिणीवर मात्र गाडी अडली. "ती बाई आपल्यावर विश्वास ठेवून राहिलीय, तिला सांगायलाच हवं," निपाणीकराचा हट्ट. मी त्याला विचारलं, तुझ्या सिगारेटचं तुझ्या अण्णांना कोण सांगणार? अर्धा चहा तसाच टाकून तो निघाला, आणि पैसे माझ्या नावावर मांडायला सांगून गेला.