हात 34 इंची नाहीत म्हणून टॅकल नाही? फूटपट्टी ठेवा जरा बाजूला

एनएफएलचा (अमेरिकन फुटबॉलची लीग) ड्राफ्ट, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंची निवड, जवळ आला की तो मेसेज परत फिरायला लागतो. कॉलेजचा ऑफेन्सिव्ह टॅकल (बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या रांगेतला कडेचा गडी) एनएफएलमध्ये टिकणार का हे म्हणे तीन गोष्टींत कळतं: हात 34 इंचाच्या वर पाहिजेत नाहीतर तो गार्डच (त्याच रांगेत टॅकलच्या आतल्या बाजूचा), बेंच प्रेसला 30 रेप्स पाहिजेत, आणि कॉलेजात एकही सॅक (बॉल फेकायच्या आत क्वार्टरबॅकला पाडणं) दिली नसेल तर माल तयार.

आधी हात. लांब हाताचा फायदा असतो, नाही कोण म्हणतंय, एज रशरच्या (कडेने क्वार्टरबॅकवर धावून येणाऱ्याच्या) छातीवर ज्याचा पंजा आधी पडला त्याने अर्धं काम केलं. पण 34 म्हणजे काय दगडावरची रेघ आहे का? पेनेई सूएल 33.25 इंच, लायन्सकडे राइट टॅकल खेळून ऑल-प्रो, म्हणजे सीझनच्या सर्वोत्तम संघात. रशॉन स्लेटर 33, आणि चार्जर्सकडे 2021 च्या पहिल्याच सीझनला लेफ्ट टॅकल खेळून प्रो बोल (ऑल-स्टार सामन्यासाठी निवड). उलट ग्रेग रॉबिन्सन बघा, हात चांगले 35, रॅम्सनी 2014 च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या नंबरवर उचलला आणि 2017 मध्ये सहाव्या राउंडच्या एका पिकवर (निवडीच्या हक्कावर) लायन्सला देऊन टाकला.

आणि ते माप तरी कुठे पक्कं असतं. टॅकल विल कॅम्पबेलचे हात 2025 च्या कम्बाइनला (ड्राफ्टआधीची एनएफएलची चाचणी) 32 आणि 5/8 इंच भरले, नंतर त्याच्या कॉलेजच्या, एलएसयूच्या, प्रो डेला (कॉलेजातच होणारी तशीच चाचणी) 33. एवढ्यात हात वाढले का त्याचे? खांद्याच्या हाडापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत टेप लावतात, खांदा जरा हलला की आकडा हलला. कॅम्पबेल चांगला का वाईट हा वाद वेगळा, पण एवढ्या फरकावर कोणाची पोझिशन ठरवायची नसते. (पॅट्रियट्सनी चौथ्या नंबरवर घेतलाच की.)

बेंच प्रेसवर तर हसूच येतं. 225 पाउंडांचा बार, म्हणजे साधारण 102 किलो, आणि हात जितके लांब तितका बार जास्त अंतर वर न्यायचा, म्हणजे रेप्स कमी. मेसेजवाल्याला लांब हातही पाहिजेत आणि 30 रेप्सही, पहिला मुद्दाच दुसऱ्याच्या पायात पाय घालतोय! ऑर्लँडो ब्राउन ज्युनियरने 2018 च्या कम्बाइनला 14 मारल्या, 40 यार्ड 5.85 सेकंदात, लोकांनी टर उडवली, तिसऱ्या राउंडपर्यंत घसरला. नंतर 2019 ते 2022 सलग चार प्रो बोल. बैल गाडी खांद्यावर घेतो पण जोर मागच्या पायांचा असतो ना, तसंच आहे हे, ब्लॉकचा जोर कमरेतून आणि मांड्यांतून येतो, बाकावर उताणं पडून तो कसा मोजणार.

आता सॅक. इथे मेसेज थोडा तरी बरोबर आहे असं वाटतं, पण सॅकचा आकडा ऑफेन्सवर पण अवलंबून असतो, बॉल दोन सेकंदांत हातातून सुटणार असेल किंवा निम्मे पास स्क्रीनच (पटकन दिलेले आखूड पास) असतील तर टॅकलची परीक्षा होतेच कुठे? रॉबिन्सनचं 2013 चं ऑबर्न दिवसभर बॉल घेऊन पळायचं, रन ब्लॉकमध्ये तो समोरच्याला अक्षरशः लोळवायचा, पण सरळ मागे सरकत पॉकेट (क्वार्टरबॅकभोवतीचं संरक्षणाचं कडं) धरून ठेवण्याचे प्रसंग त्या मानाने कमीच. एनएफएलमध्ये तेच रोज करावं लागलं.

म्हणून सामना कोणाशी ते बघायचं. ऑक्टोबर 2019, नॉर्थवेस्टर्न विरुद्ध ओहायो स्टेट, नॉर्थवेस्टर्नच्या स्लेटरसमोर ओहायो स्टेटचा एज रशर चेस यंग. नॉर्थवेस्टर्न 52-3 अशी धुतली गेली, स्कोअर बघून कोणी सामन्याची टेप लावणारही नाही, पण स्लेटरच्या अंगावरून यंगचं फारसं काही चाललं नाही आणि स्काउट लोक पुढे दीड वर्ष तीच टेप बघत होते, कारण 2020 ला कोविडमुळे स्लेटर खेळलाच नाही.

मी स्वतः थर्ड अँड लाँगचे स्नॅप (तिसरा प्रयत्न, बरेच यार्ड बाकी, म्हणजे बहुतेक पासच येणार असे डाव) काढून बघतो, त्यातही टॅकलचा पहिला पंच (रशरच्या छातीवर मारलेला हात) चुकलेले. रशर छातीत घुसलाय, टॅकल दोन पावलं मागे रेटला गेलाय, आता तो कंबर खाली टाकून तिसऱ्या पावलाला थांबतो का थेट क्वार्टरबॅकच्या मांडीत जाऊन बसतो?