पाच प्रश्नांत शाळा कळत नाही

दर वर्षी प्रवेशाचे दिवस आले की पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर फिरायला लागतो. जिल्हा परिषदेची किंवा नगरपालिकेची सहावी ते आठवीची शाळा चांगली की वाईट हे ओळखायला आत पाऊलसुद्धा टाकावं लागत नाही, पाच प्रश्न पुरेत, असं त्यात म्हटलेलं असतं. पट वाढतोय का? शिष्यवृत्तीत किती मुलं आली? सेमी इंग्रजी आहे का? वर्ग डिजिटल आणि शाळा आयएसओ आहे का? आणि शेवटचा, टाळ्या घेणारा प्रश्न: तिथल्या शिक्षकांची स्वतःची मुलं त्याच शाळेत शिकतात का? तीन उत्तरं ‘नाही’ आली तर सरळ दाखला काढा, असा वर सल्ला.

मी चार वर्षं आमच्या शाळेच्या शाळा व्यवस्थापन समितीत पालक सदस्य होते. माझी दोन्ही मुलं तिथेच आठवीपर्यंत शिकली. हा मजकूर वाचून माझ्या ओळखीच्या एका आईने सहावीतली लेक आमच्या शाळेतून काढली आणि लांबच्या शाळेत घातली. ती पोरगी आता रोज दोन-अडीच तास गाडीत काढते आणि घरी आल्यावर जेवतानाच पेंगते. म्हणून हे पाचही प्रश्न एकेक करून तपासायचं ठरवलं.

पहिला प्रश्न पटाचा. वाढता पट म्हणजे चांगली शाळा, हे वरवर पटतं. लोक उगाच पोरं घालतात का? पण पट वाढण्या-घटण्याची कारणं बऱ्याचदा शाळेच्या भिंतींबाहेर असतात. गावातली जन्मसंख्या कमी झाली, दिवाळीच्या आसपास कुटुंबं ऊसतोडीला गेली, शेजारच्या शाळेची पिवळी गाडी दारात यायला लागली, की पट उतरतो. त्यात शिकवण्याचा संबंध कुठे आला? आणि फुगलेला पट हेही सुख नव्हे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी ३५ मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण दिलंय. एकाच खोलीत साठ मुलं बसत असतील तर तो पट अभिमानाने सांगण्यासारखा नाही.

पटाबद्दल खरं विचारायला हवं ते वेगळंच. पाचवीपर्यंत एक शिक्षक सगळे विषय शिकवू शकतो. सहावीपासून तसं भागत नाही. म्हणून २००९ च्या त्याच कायद्याने या टप्प्यासाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा या तिन्हींसाठी किमान एकेक शिक्षक असावा असं सांगितलंय. आपल्याकडे त्यांना पदवीधर शिक्षक म्हणतात. पदं मंजूर होतात संचमान्यतेत, म्हणजे कोणत्या शाळेला किती शिक्षक द्यायचे हे सरकार ठरवतं त्या प्रक्रियेत, आणि संचमान्यता चालते पटावर. म्हणजे पट घसरला की आधी पद जातं, मग गणित शिकवायला माणूस उरत नाही, मग उरलेले पालकही मुलं काढतात. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयाला शिक्षकांनी आणि पालकांनी एवढा विरोध केला तो याच भीतीने. तेव्हा पट कमी आहे म्हणून पोर काढणाऱ्याने हेही लक्षात घ्यावं की ते पोर काढल्याने मागे राहिलेल्या मुलांचा गणिताचा शिक्षक जाऊ शकतो. ‘पट किती’ यापेक्षा ‘गणित-विज्ञानाला पदवीधर शिक्षक आहे का, आणि तो या वर्षी किती दिवस वर्गावर होता’ हे विचारा.

‘किती दिवस वर्गावर’ हे मुद्दाम म्हटलं. कायद्यात सहावी ते आठवीसाठी वर्षाला २२० दिवस आणि १००० तास अध्यापन धरलंय. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना शाळाबाह्य काम देऊ नये असंही कलम २७ मध्ये आहे. पण मतदार याद्या, माहितीचे तक्ते, ऑनलाइन नोंदी, पोषण आहाराचा हिशेब हे सगळं धरलं तर हातात काय उरतं ते शाळेतच जाऊन कळतं. आमच्या समितीच्या एका बैठकीत आम्ही हजेरीपट, रजेच्या आणि प्रशिक्षणाच्या नोंदी समोर ठेवून गणिताच्या सरांचे वर्गातले दिवस मोजले. सर स्वतःच मोजायला बसले होते. आकडा निघाल्यावर ते बराच वेळ बोललेच नाहीत. दोष त्यांचा नव्हता, पण सातवीच्या मुलांचं जे राहायचं ते राहिलंच होतं. त्यानंतर त्यांनी रोज शाळा भरायच्या आधी पाऊण तास घ्यायला सुरुवात केली. ही गोष्ट पाचपैकी कोणत्याही प्रश्नात सापडली नसती.

दुसरा प्रश्न शिष्यवृत्तीचा, आणि याच्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण सुशिक्षित पालकसुद्धा इथेच फसतात.

पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची ही परीक्षा. दोन पेपर, प्रत्येकी १५० गुण, सगळे प्रश्न बहुपर्यायी. हुशार मुलांना बळ देणं हा तिचा हेतू आहे आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. ज्या गरीब घरातल्या पोराला ती मिळते त्याच्या घरात त्या दिवशी दिवाळी असते. पण निवडक मुलांच्या निकालावरून सगळी शाळा जोखणं चूक आहे.

आधी साधा हिशेब करू. समजा, परीक्षेच्या वर्गात दर वर्षी १८ मुलं असतात. गेल्या वर्षी दोन शिष्यवृत्तीला लागली, म्हणजे ११ टक्के. यंदा एकच लागलं, म्हणजे साडेपाच टक्के. ‘शाळेचा निकाल निम्म्यावर आला’ असं कुणीही म्हणेल. प्रत्यक्षात फरक एका मुलाचा आहे. ते मूल परीक्षेच्या दिवशी तापाने फणफणलं असेल. छोट्या शाळांचे टक्के असे एकेका पोराच्या तब्येतीवर वरखाली होतात. म्हणून एका वर्षाच्या निकालावर विसंबू नये, निदान तीन-चार वर्षांचे आकडे एकत्र बघावेत.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, परीक्षेला बसलं कोण? माझ्या बहिणीच्या मुलाच्या शाळेत (नाव घेत नाही) ३२ जणांच्या वर्गातून आठ मुलं निवडली होती. त्यांचे जादा तास, त्यांचे सराव संच, त्यांच्यासाठी रविवारची शाळा. उरलेल्या २४ जणांना त्या वेळात ‘धडा वाचत बसा’ असं सांगायचे. त्या २४ मध्ये माझा भाचा होता. आठपैकी पाच लागले, गावात फलक लागला, सत्कार झाला. भाचा आठवी संपताना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागताना अडखळत होता. फलकावर तो कुठेच नव्हता, त्यामुळे त्याची शाळा ‘चांगली’ होती.

तेव्हा शिष्यवृत्तीचा आकडा सांगितला की लगेच तीन गोष्टी विचारा. वर्गात मुलं किती? त्यांतली बसली किती? आणि जी बसली नाहीत, त्यांना त्या तासाला कोण शिकवत होतं? आर्थिक दुर्बल घटकांसाठी आठवीत जी एनएमएमएस शिष्यवृत्तीची परीक्षा होते, तिलाही हेच लागू.

याच मुद्द्याला कुणी ‘असर’च्या, म्हणजे खेड्यांतल्या मुलांना वाचन-गणित किती येतं हे पाहणाऱ्या पाहणीच्या, अहवालाची जोड देतं. अहवालात अमुक टक्के मुलांना भागाकार येत नाही, म्हणजे आपल्या गावची शाळाही तशीच. ‘असर’ मी दर वेळी आस्थेने वाचते. पण ती पाहणी घरोघरी जाऊन, जिल्ह्यातली साधारण ३० गावं आणि प्रत्येक गावातली २० घरं निवडून होते. तिच्यातून जिल्ह्याचं, राज्याचं चित्र मिळतं. तुमच्या गावची शाळा त्या नमुन्यात आलीच असेल असंही नाही. जिल्ह्याच्या सरासरीवरून एखादी शाळा ठरवायची म्हणजे तालुक्याचं पर्जन्यमान बघून आपल्या विहिरीचं पाणी सांगण्यासारखं आहे.

सेमी इंग्रजीचा मुद्दा मला लवकर उरकता येईल. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून, ही सोय आहे. तिने गुणवत्तेची खात्री मिळत नाही. शिक्षकाला स्वतःला इंग्रजीतून समजावता येत असेल आणि मुलांचं वाचन पक्कं असेल तर उत्तमच. तसं नसेल तर मुलं ‘फोटोसिंथेसिस’ची व्याख्या पाठ करतात आणि पान हिरवं का असतं ते सांगू शकत नाहीत. वर्गात जाऊन एखाद्या मुलाला आजच्या धड्यातलं काहीही स्वतःच्या शब्दांत सांगायला लावा, मराठीत सांगितलं तरी चालेल. पाच मिनिटांत कळतं.

डिजिटल वर्ग आणि आयएसओ. दहा वर्षांपूर्वी आयएसओची लाटच आली होती. लोकवर्गणी काढून भिंती बोलक्या झाल्या, कमानी उभ्या राहिल्या, प्रमाणपत्रं चौकटीत लागली. रंगवलेल्या शाळेत मुलांना बरं वाटतं आणि गाव शाळेकडे वळतं, हे मी पाहिलंय, त्याला कमी लेखणार नाही. पण आयएसओ ९००१ हे कामकाजाच्या पद्धतीचं मानांकन आहे, नोंदी आणि कार्यपद्धती नीट आहेत की नाही याचं. मुलाला अपूर्णांक आले का, हे त्यात कुणी तपासत नाही.

इमारतीत बघायचंच असेल तर मुलींचं स्वच्छतागृह बघा. सहावी ते आठवी म्हणजे पाळी सुरू होण्याचं वय. कागदावर स्वच्छतागृह जवळपास सगळीकडे असतं. दाराला आतून कडी आहे का, नळाला पाणी आहे का, आणि कुलूप असेल तर किल्ली कुणाकडे आहे, हे विचारा. आमच्याकडे किल्ली कार्यालयात असायची आणि ती मागायला मुलींना सगळ्या सरांच्या समोरून जावं लागायचं. मुली मागायच्याच नाहीत. दुपारच्या सुट्टीत घरी जायच्या आणि बऱ्याच परत यायच्या नाहीत. समितीतल्या आम्ही बायकांनी बोलून किल्ली सातवीच्या मुलींकडेच दिली. दुपारनंतरची हजेरी सुधारायला दुसरं काही करावं लागलं नाही.

आता शेवटचा प्रश्न, शिक्षकांच्या स्वतःच्या मुलांचा. हा प्रश्न मनाला लागतो, मलाही लागतो. १८ ऑगस्ट २०१५ ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने सरकारी तिजोरीतून पगार घेणाऱ्यांनी आपली मुलं सरकारी प्राथमिक शाळांत घालावीत, अशा आशयाचा निकाल दिला होता. त्यामागची तळमळ मला समजते. ज्यांच्या हातात व्यवस्था आहे त्यांची मुलं तिथे असती तर पंखे आणि पाणी कधीच आलं असतं.

पण यावरून ही एक शाळा कशी आहे ते कसं कळणार? आमच्या मॅडम तालुक्याच्या गावी राहतात, त्यांचे सासू-सासरे तिथे आहेत, नवऱ्याची नोकरी तिथे आहे. त्यांची मुलगी रोज चाळीस किलोमीटर येऊन आमच्या शाळेत बसावी का? शिवाय बदली कधी होईल सांगता येत नाही. याच मॅडमनी सहावीत आलेल्या, अक्षरं जोडून वाचणाऱ्या चार मुलांना दिवाळीपर्यंत गोष्टीचं पुस्तक सलग वाचायला लावलं. त्यांची मुलगी कुठे शिकते यावर मी त्यांना मोजू शकत नाही. याउलट, स्वतःचा मुलगा त्याच शाळेत ठेवून फक्त त्याच्याकडे लक्ष देणारे शिक्षकही मी पाहिलेत.

मग शाळा जोखायची कशी, असं मला ग्रुपवर विचारलं गेलं. माझं उत्तर एका शब्दाचं होतं: वह्या.

एकदा मला दोन शाळांतल्या सातवीच्या वह्या लागोपाठ बघायला मिळाल्या. गणित एकच होतं, ३/४ अधिक २/३. पहिल्या शाळेत एका मुलीने वरचे वर आणि खालचे खाली मिळवून ५/७ लिहिलं होतं. त्यावर लाल शाईत बरोबरची खूण आणि सही होती. शेजारच्या मुलाच्या वहीत तेच उत्तर, तीच खूण. वही ‘तपासलेली’ होती. दुसऱ्या शाळेतही एका मुलाने ५/७ च लिहिलं होतं. पण खाली बाईंनी लिहिलं होतं, ‘३/४ मध्ये आणखी मिळवलं, तरी उत्तर ३/४ पेक्षा लहान कसं आलं? चित्र काढून बघ.’ त्याच्याखाली पोराने दोन वेड्यावाकड्या पट्ट्या काढल्या होत्या, बारा-बारा भाग पाडून. एकीत नऊ रंगवलेले, दुसरीत आठ. आणि खाली १७/१२, दोनदा अधोरेखित करून.

पहिल्या शाळेचा पट जास्त होता, सेमी होती, फलकावर नावंही जास्त होती. दुसरीच्या भिंतीचा रंग उडालेला होता.

वह्या मागायला संकोच करू नका. वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या नको, मागच्या बाकावरच्या तीन वह्या मागा. जूनच्या आणि जानेवारीच्या पानांत काही फरक पडलाय का ते बघा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात, हे कायद्यातच आहे, तेव्हा शाळेत जाऊन विचारणं हा आगाऊपणा होत नाही. मुख्याध्यापक वह्या आनंदाने पुढे करतात की ‘उद्या या’ म्हणतात, तेही बघून ठेवा.

आणि आठवीनंतर मुलं ज्या हायस्कूलला जातात तिथल्या नववीच्या वर्गशिक्षकांना एकदा भेटा. ‘आमच्या शाळेतून आलेली मुलं कशी आहेत?’ एवढंच विचारा. गेल्या जूनमध्ये आमच्या सरांनी आणि मी मिळून हे केलं. वर्गशिक्षक म्हणाले, भूमितीत कच्ची आहेत, पण अडलं की विचारतात. सरांनी पहिली गोष्ट वहीत लिहून घेतली. दुसरी ऐकून ते बाहेर आल्यावर हसले. यंदा आठवीची भूमिती त्यांनी दिवाळीच्या आधी घेतली आहे.