पाठीवरची ‘एच’ शिवण हा कारखान्याचा दाखला नव्हे

जुन्या व्हिडिओ गेम्सचा संग्रह करणाऱ्यांमध्ये, आणि त्यांचे पाहून पहिल्यांदाच ऑनलाइन खरेदीला उतरलेल्यांमध्ये, एक मजकूर हातोहात फिरतो आहे. त्याचा आशय थोडक्यात असा : खोक्याला गुंडाळलेल्या प्लास्टिकच्या वेष्टनाची पाठीवर एच आकाराची शिवण दिसली की गेम कारखान्यातून निघाला तसाच आहे असे समजावे, आणि ती दिसली नाही तर कोणीतरी तो पुन्हा सील केला आहे असे धरून चालावे, प्लास्टिक घट्ट आणि जुनाट असावे, वर एखाद्या बंद पडलेल्या दुकानाची किमतीची चिठ्ठी असेल तर खात्री आणखी वाढते, वजन खऱ्या प्रतीशी जुळावे, गेम ग्रेडिंग केलेल्या, म्हणजे एखाद्या कंपनीने तपासून गुण दिलेल्या, पारदर्शक पेटीत असेल तर मग तपासण्याची गरजच नाही, आणि तरीही शंका उरली तर घरी आल्यावर उघडून पाहावे. यातल्या प्रत्येक विधानात खऱ्याचा थोडा अंश आहे आणि म्हणूनच ते लोकांना पटते. पण या यादीच्या भरवशावर पैसे मोजणारा माणूस फसतो, आणि अस्सल माल विकणाऱ्यावर नाहक बालंट येते, असे माझे स्पष्ट मत आहे.

सीलबंद प्रतीला उघडलेल्या प्रतीपेक्षा कितीतरी अधिक भाव मिळतो, हे या फसवणुकीचे मूळ आहे. एप्रिल 2021 मध्ये हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात सुपर मारिओ ब्रदर्सची 1986 च्या अखेरीची एक सीलबंद प्रत 6,60,000 डॉलरला गेली आणि त्याच वर्षीच्या जुलैत सुपर मारिओ 64 च्या एका प्रतीने 15,60,000 डॉलरचा आकडा गाठला. अशा वस्तूंवर तज्ज्ञांची नजर असते. खरी फसवणूक होते ती शे-दोनशे डॉलरच्या गेममध्ये, जिथे विक्रेत्याने दाखवलेले दोन फोटो आणि खरेदीदाराने वाचलेला असा एखादा मजकूर एवढ्यावरच व्यवहार होतो.

आता मुख्य दाव्याकडे वळू. निन्टेन्डोच्या अमेरिकेतल्या एनईएस, सुपर एनईएस आणि निन्टेन्डो 64 या यंत्रांचे गेम पुठ्ठ्याच्या खोक्यात येत आणि त्यांतल्या बहुतेकांच्या वेष्टनाची एक शिवण पाठीवरून जाऊन तिच्या दोन्ही टोकांना बाजूंवर एकेक शिवण मिळत असे; त्या तिन्हींची मिळून जी आकृती होते तिला संग्राहक ‘एच-सीम’ म्हणतात. इथपर्यंत मजकूर बरोबर आहे. चूक पुढे होते, कारण शिवण म्हणजे तापवलेल्या पट्टीने प्लास्टिकचे दोन थर एकमेकांना चिकटवणे, आणि त्याला लागणारे सामान, म्हणजे श्रिंक रॅपचे (तापवल्यावर आकसणाऱ्या प्लास्टिकचे) रीळ, हाताने चालवायचे सीलिंग यंत्र आणि गरम हवा सोडणारी हीट गन, कोणालाही विकत मिळते. ही खूण जितकी प्रसिद्ध झाली तितकी बनावट सील करणाऱ्यांनीही ती आत्मसात केली. दुकानातल्या साध्या यंत्राने केलेली शिवण खोक्याच्या कडांवरून जाते, त्यामुळे एच नसलेला सुपर एनईएसचा खोका संशयास्पद ठरतो हे मान्य. परंतु एच आहे म्हणून तो निर्दोष ठरत नाही. ती शिवण त्याच प्रकाशकाच्या, त्याच काळातल्या, खात्रीच्या प्रतींवर जिथे असते तिथेच आहे का, तेवढीच रुंद आणि सरळ आहे का, हे शेजारी फोटो ठेवून पाहिल्याशिवाय तिला पुरावा म्हणता येणार नाही.

याच दाव्याची उलटी बाजू मला अधिक घातक वाटते. एनईएस ऑक्टोबर 1985 मध्ये न्यू यॉर्कच्या बाजारात आले तेव्हा त्याच्या सुरुवातीच्या गेम्सवर प्लास्टिकचे वेष्टनच नव्हते, खोक्याच्या झाकणावर एक छोटा गोल स्टिकर लावलेला असे. फेब्रुवारी 2019 मध्ये सुपर मारिओ ब्रदर्सची जी प्रत 1,00,150 डॉलरला विकली गेली ती अशीच स्टिकरने सील केलेली होती. फिरत्या मजकुराचा निकष लावला तर ती बनावट ठरेल. सप्टेंबर 1995 मध्ये अमेरिकेत आलेल्या प्लेस्टेशनची गोष्ट आणखी निराळी आहे. त्याच्या सीडीच्या डबीचे प्लास्टिक सिगारेटच्या पाकिटासारखे टोकांना दुमडून चिकटवलेले असते, त्या घडीला ‘वाय-फोल्ड’ म्हणतात, आणि वेष्टनाच्या आत डबीच्या वरच्या कडेवर गेमचे नाव छापलेली लांबट पट्टी असते. तिथे एच शिवण दिसली तरच शंका घ्यायला हवी. जपानच्या फॅमिकॉम आणि सुपर फॅमिकॉम या निन्टेन्डोच्याच यंत्रांच्या कार्ट्रिजना, म्हणजे यंत्रात खोचायच्या गेमच्या डब्यांच्या खोक्यांना, तर कारखान्यात सहसा प्लास्टिक चढवलेच जात नसे, त्यामुळे ‘जपानी, फॅक्टरी सील्ड’ असे लिहिलेला सुपर फॅमिकॉमचा गेम दिसला की पहिला प्रश्न शिवणीचा नसून त्या प्लास्टिकच्या अस्तित्वाचाच असला पाहिजे.

घट्ट आणि जुनाट प्लास्टिकच्या मुद्द्यावर मला थोडे सविस्तर लिहायचे आहे. नव्वदीच्या दशकात अमेरिकेतल्या कित्येक दुकानांत श्रिंक रॅपचे यंत्र मागच्या खोलीतच असे. ग्राहकाने परत केलेला गेम पुन्हा गुंडाळून फळीवर ठेवला जाई आणि त्यात फसवण्याचा हेतूही असेलच असे नव्हते. अशा खोक्यावरचे प्लास्टिक आज खरोखरच तीस वर्षांचे आहे, त्यावर ओरखडे आहेत, ते पिवळटही झाले असेल, आणि तरीही गेम एकदा उघडलेला आहे. म्हणजे प्लास्टिकचे वय कारखान्याचा निर्वाळा देत नाही. प्लास्टिकवरच्या टाचणीएवढ्या छिद्रांनाही हीच गोष्ट लागू होते : कोणी त्यांना खोट्याची खूण म्हणतो, कोणी खऱ्याची, पण प्लास्टिक आकसताना आतली हवा बाहेर पडायला वाट लागते, मग यंत्र कारखान्यातले असो की दुकानातले.

माझा मावसभाऊ न्यू जर्सीत राहतो. त्याने गेल्या वर्षी निन्टेन्डो 64 चा एक ‘न्यू, फॅक्टरी सील्ड’ गेम घेतला आणि मी तिकडे गेलो असताना माझ्यापुढे ठेवला. एच शिवण होती, प्लास्टिक तबल्यासारखे ताणलेले होते, यादीतली प्रत्येक अट पुरी झाली होती. खिडकीशी नेऊन खोका तिरका धरला तेव्हा उजव्या खालच्या कोपऱ्यात पुठ्ठा मुडपलेला दिसला, तंतू उलून पांढरा पडलेला. मात्र त्यावरचे प्लास्टिक काचेसारखे सपाट होते, ना सुरकुती ना ताण. कोपरा प्लास्टिक चढवल्यानंतर आपटला असता तर प्लास्टिकवरही त्याची खूण उमटली असती. मग भिंग घेतले. वरच्या झाकणाच्या घडीवर छपाईचा रंग एका बारीक रेषेत तुटलेला होता, जी रेषा झाकण वारंवार उघडल्यावर पडते, आणि समोरच्या बाजूला प्लास्टिकच्या खाली स्टिकर ओढून काढल्याचा चौकोनी, किंचित खरबरीत डाग होता, त्यात एक केसही अडकला होता. त्या डागाने माझ्यापुरता निकाल लागला, कारण किमतीची चिठ्ठी दुकानात लागते, आणि कारखान्यातून सीलबंद निघालेल्या खोक्यावर ती प्लास्टिकच्या वरच लागू शकते.

तेव्हा ज्या मजकुराने शिवणीकडे पाहायला शिकवले त्याने पुठ्ठ्याकडे पाहायला शिकवायला हवे होते. खोक्याची झीज आणि प्लास्टिकची झीज एकमेकींशी जुळते का, हाच प्रश्न बहुतेक वेळा उपयोगी पडतो. वर्षानुवर्षे ताणलेल्या प्लास्टिकने पुठ्ठ्याच्या कडा किंचित आत ओढल्या जातात. फाटलेल्या प्लास्टिकच्या तोंडाशी उघडा पडलेला पुठ्ठा बाकीच्यापेक्षा मळका असतो. अशा खुणा बनवणे अगदीच अशक्य नाही, परंतु शिवण बनवण्यापेक्षा ते कितीतरी अवघड आहे.

किमतीच्या चिठ्ठीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. 2009 मध्ये बंद झालेल्या केबी टॉईजसारख्या दुकानाची चिठ्ठी पाहून जुने ग्राहक हळवे होतात, पण चिठ्ठी छापता येते आणि एका खोक्यावरची दुसऱ्यावर लावताही येते. वजनाचेही तसेच : किरकोळ किमतीच्या एखाद्या क्रीडा गेमचे कार्ट्रिज आत घातले तर स्वयंपाकघरातल्या काट्यावर फरक कळेलच असे नाही.

ग्रेडिंगचा मुद्दा मात्र गंभीरपणे घ्यायला हवा, कारण तिथे अनुभवी माणसे वस्तू हातात घेऊन पाहतात आणि सर्वसाधारण खरेदीदारापेक्षा त्यांना खचितच अधिक कळते. तरीही ‘वाटा’ (Wata) या ग्रेडिंग करणाऱ्या कंपनीसारखी एखादी कंपनी खोक्याला दहापैकी गुण आणि सीलला ए++ सारखे अक्षर देते तेव्हा ती प्रामुख्याने स्थितीचे मोजमाप करत असते, आणि अस्सलपणाबद्दलचे तिचे मत हे जाणकाराचे मत असते, कारखान्याची नोंद नव्हे. आणि जाणकारही फसतात : 2022 मध्ये मोठ्या खोक्यांतल्या जुन्या पीसी गेम्सच्या संग्राहकांनी अनेक दुर्मीळ प्रती बनावट असल्याचे जाहीर केले; त्या प्रती जाणत्या लोकांमध्येच हातोहात फिरत होत्या, आणि संशयाचे मुख्य कारण होते छपाईतल्या विसंगती. पेटीवरचा क्रमांक कंपनीच्या नोंदीशी ताडून पाहणे आणि पेटीतल्या खोक्याच्याही कडा भिंगातून पाहणे, या दोन्ही गोष्टी पेटी असतानाही कराव्या लागतात.

राहिला ‘घरी आल्यावर उघडून पाहा’ हा सल्ला. तो पाळू नये. प्लास्टिक फाडले की तक्रारीचा एकमेव पुरावा आपल्याच हाताने नष्ट होतो आणि विक्रेता म्हणू शकतो की मी सीलबंद दिला होता, उघडला तुम्ही. मावसभावाने प्लास्टिकला हात न लावता सहा बाजूंचे, सगळ्या कोपऱ्यांचे आणि त्या डागाचे तिरप्या उजेडातले फोटो काढून विक्रेत्याला पाठवले आणि एवढेच विचारले की प्लास्टिकच्या खाली चिठ्ठीचा डाग कसा आला. उत्तर आले नाही, परताव्याची तारीख मात्र दुसऱ्याच दिवशी आली.