राणीच्या वेळेवर जाताना घ्यायची काळजी

मालवणला जाऊन सिंधुदुर्ग किल्ला आणि त्यातली 'राणीची वेळा' नावाची पुळण पाहिली नाही तर लोक नावं ठेवतात, तेव्हा जायला हवंच. शक्यतो भर पावसात जा. पावसाळ्यात होड्या बंद असतात हे जेटीवर ऐकून घ्या आणि मग आपण किती लांबून आलोय ते तिथल्या माणसाला दोन-चारदा सुनवा. समुद्राचं काही सांगता येत नाही, ऐकेलही.

नाहीच ऐकलं तर दिवाळीच्या सुट्टीत या. होडीत लाइफ जॅकेट नुसतं मांडीवर ठेवा. अंगात घातलं की टी-शर्टवरचे महाराज झाकले जातात. उतरताना तांडेल बजावेल, "तासाभरान येवा हां, नायतर होडी सुटतली." हे बाकीच्यांसाठी असतं.

किल्ल्याचा दरवाजा शत्रूला समुद्रावरून दिसू नये म्हणून बुरुजांच्या वळणात लपवलाय. तुम्ही घाबरू नका, वेफर्सच्या पाकिटांचा माग काढत गेलात की बरोबर पोहोचता. आत चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे आहेत. तिथे आपला पंजा हवेत धरून माप घ्या आणि "माझा मोठाच आहे" असं बायकोला ऐकू जाईल इतपत पुटपुटा.

पुढे शिवराजेश्वराचं मंदिर, राजाराम महाराजांनी बांधलेलं. इथल्या शिवाजी महाराजांच्या मूर्तीला दाढी नाही. आपल्या गाडीच्या मागच्या काचेवर मात्र आहे. तेव्हा मूर्ती चुकलीय हे पुजाऱ्यांच्या कानावर घाला, इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नसेल बिचाऱ्यांना. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींपाशी चहाचा विनोद करायलाच हवा. चहूकडे खारं पाणी असताना बेटावर गोडं पाणी लागतं कसं, असले प्रश्न मुलं विचारतात. त्यांना मोबाइल द्या. स्वतःची मिनरल वॉटरची बाटली रिकामी झाली की विहिरीत टाका. खोली कळते.

आता मुख्य आकर्षण. तटातल्या लहानशा दरवाजातून खाली उतरलात की एवढीशी पुळण लागते, ती राणीची वेळा. ताराराणी इथे समुद्रस्नानाला येत, असं सांगतात. त्यांनी औरंगजेबाच्या फौजांशी वर्षानुवर्षं झुंज दिली वगैरे वाचत बसू नका, ऊन कलतं आणि फोटो काळे येतात. गाईड समुद्राखालच्या भुयाराची गोष्ट सांगेल, तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवा. तोच गाईड "खडकावर कालवं आहेत, पाय कापेल" म्हणाला की मात्र हसा. त्याला काय कळतंय! स्पीकर वाळूवर ठेवा, पोवाडा लावा, पोवाड्यानंतर आपोआप जे लागेल त्यावर नाचा.

निघताना तटावर नाव कोरायला विसरू नका. पायाभरणीत शिसं ओतून, १६६४ पासून तीन वर्षं खपून माणसांनी हा तट उभा केला, तो एवढा रिकामा सोडणं बरं दिसत नाही. १७६५ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला आणि त्याला 'फोर्ट ऑगस्टस' असं नाव दिलं होतं. टिकलं नाही, कारण त्यांनी ते कागदावर लिहिलं. तुम्ही खिळा वापरा. घरूनच आणा मात्र, गडावर शहाळी मिळतात, खिळे मिळत नाहीत.