हॉटेलातल्या असायलमवाल्यांबद्दलचा तो मेसेज: थोडा खुलासा

युकेतल्या आपल्या मराठी ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड फिरतोय, की असायलम म्हणजे आश्रय मागणारे, सरकारने ठेवलेल्या हॉटेलात ऐश करतात आणि तिथे कुणाचं काही बरंवाईट झालं तर ती कंपनीची जबाबदारी, सरकारचा संबंध नाही. दोन्ही चुकीचं आहे. जेवण देणाऱ्या हॉटेलात हातात सरकारी भत्ता म्हणून आठवड्याला १० पौंडांपेक्षाही कमी पडतात, आणि नोकरी करायला बहुतेकांना परवानगीच नसते.

कंपनीचं म्हणाल तर २०१९ पासून सर्को, मिअर्स आणि क्लिअरस्प्रिंग्स या खासगी कंपन्यांकडे राहण्याच्या सोयीचे करार आहेत हे खरं, पण मुलांच्या सुरक्षेची जबाबदारी २००९ च्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ५५ ने होम ऑफिसवरच, म्हणजे इथल्या गृहखात्यावरच टाकलीय, काम बाहेर दिलं म्हणून ती संपत नाही. आणि ही नुसती कागदावरची गोष्ट नाहीये हो, जानेवारी २०२३ मध्ये खुद्द मंत्र्यांनी संसदेत सांगितलं की हॉटेलात ठेवलेली, आईबाप सोबत नसलेली सुमारे २०० मुलं बेपत्ता आहेत. दोनशे लेकरं! त्याच जुलैत हायकोर्टाने अशा मुलांना सर्रास हॉटेलात ठेवणं बेकायदा ठरवलं.

तिथल्या कुणाला मारहाण, छळ किंवा धमकी होत असेल तर मायग्रंट हेल्प या संस्थेची फुकट हेल्पलाइन २४ तास चालू असते, जीवाला धोका असेल तर सरळ ९९९. फॉरवर्ड करायचंच तर हे करा.